खंडेनवमीची सुट्टी

मिलला टाळं लागलं, तेव्हापासून अण्णांनी खंडेनवमीला यंत्रपूजा केली नव्हती. “बंद यंत्राला कुंकू कसलं?” म्हणायचे. साडीचे काठ कॉम्प्युटरच्या पडद्यावर विणून दाखवणारा मिलचा प्रोग्राम त्यांनीच डॉसवर लिहिला होता. त्याची जपून ठेवलेली फ्लॉपी बघून जेल रोडवरचा कॉम्प्युटरचा दुकानदार हसला, “भिया, नए विंडोज में नी चलेगी.” लेक अनुश्री मात्र हट्टाला पेटली. तिनं नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावलं. खंडेनवमीच्या सकाळी प्रोग्राम चालला, पण पापणी लवायच्या आत अख्खा काठ विणून मोकळा झाला. “अगं, मागाला इतकं पळवतात का?” अण्णा खुर्ची ओढून बसले. तिनं वेग कमी केला. धाग्यामागून धागा भरत काठावर मोर उभे राहू लागले. अण्णांनी मॉनिटरला कुंकू लावलं, झेंडू वाहिला अन् रुबाबात म्हणाले, “आता बंद कर. चालत्या यंत्राला आज सुट्टी असते.”