चेंडूसाठी

पवनचक्क्यांखाली मरून पडलेले पक्षी हुंगून काढणं, हे त्याच्या कुत्रीचं काम. पक्षी सापडला की तो चेंडू फेकायचा, आणि त्या एका चेंडूपायी ती अख्खा डोंगर पालथा घालायची. यंदा मात्र दोघं रोज हात हलवत परत येत होते. शेवटी कुत्रीने अन्न सोडलं.

पवनचक्की कंपनीचे साहेब फोनवर भलतेच खूश. "एकही मेला नाही! शिकले बघा पक्षी, पाती चुकवायला."

तो नुसतंच "हो" म्हणाला.

सकाळी त्याने फ्रीजरमधून पिशवी काढली, तशी बायको वैतागली. "अहो, तिला शिकवायला आणलेली ती मेलेली घार अजून किती दिवस मटारांशेजारी ठेवणार?"

"राहू दे गं. तिचा जीव आहे त्या चेंडूत."

पवनचक्कीखालच्या गवतात घार लपवून त्याने कुत्रीला सोडलं. तिने ती हुडकली, आनंदाने भुंकली. त्याने चेंडू लांब फेकला, आणि ती पळाल्यावर घारीची पिसं नीट करून तिला पुन्हा पिशवीत घातलं.

त्या डोंगरावर आता तेवढी एकच घार येते. रोज सकाळी, पिशवीतून.