बंगल्यावरचा बाजा

कान्हा सापडला तर फायदा जैतूचा होता. ओढ्याकाठचं भाताचं खाचर दोघा चुलतभावांचं सामाईक; एक तुरुंगात गेला की दुसऱ्याने खुशाल नांगर घालावा, विचारणार कोण? वर फौजदाराची मेहेरबानी मिळणार ती वेगळीच. हा हिशेब काशीने बंगल्यावरच्या बाजाची दवंडी ऐकता ऐकता मांडला होता. माणूस काय बोलतो यापेक्षा त्याच्या पदरात काय पडतं, हे ती आधी बघायची.

कान्हा तिचा नवरा. बेचाळीसच्या गडबडीत आटगावजवळ तारा तोडून तो मुरबाडच्या डोंगरात पळाला होता. आता तिकडे हिवतापाने फणफणला होता. घरावर पोलिसांची पाळत, त्यामुळे औषध पोचवायची सोय नाही.

सोय काढली ती जैतूनेच. तो कल्याणच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. लढाईपायी बँड मोडला आणि तो गावी परतला. किन्हवलीच्या बंगल्यावर साहेबाचा मुक्काम पडला, तेव्हा मडमेने जैतूला नेमका हेरला. तिने आपला पियानो बैलगाडीतून आणवला आणि घरटी एक माणूस ऐकायला यावा, अशी दवंडी पिटवली.

"वयनी, ह्या हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या," जैतू म्हणाला होता. "भाकरीत बांध न् गाड्या सोडतात तिथं करंजाखाली ठेव. दादा गाडीवान होऊन येल. समदी पेटीकडं बघत असतील."

"गोळ्या कुठल्या?"

"मडमेच्या. मला ताप आलाय म्हनून सांगितलं."

"न् यात तुझ्या पदरात काय पडल, भावजी?"

"तुझ्या शिव्या. दुसरं काय?" म्हणून तो ओशाळं हसला.

काशीला ते हसू आवडलं नाही. पण कान्ह्याचा ताप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तिने गाठोडं करंजाखाली ठेवलं आणि बायकांत अगदी पुढे जाऊन बसली. जैतू फौजदाराला खूण करणार, आणि ती खूण तिला टिपायची होती.

ओट्यावर साहेबाशेजारी नवा फौजदार खुर्ची अडवून बसला होता. तोंड लोकांकडे, हात पोटावर, जणू बाजा त्याच्याच घरच्या लग्नाचा. कान्ह्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि ओळख पटवायला गावातून कुणी पुढे आलं नव्हतं. काशीला मात्र तो चांगला ओळखत होता. दोनदा चौकीवर बोलावून झालं होतं.

मडमेने पियानोचं झाकण उघडलं.

"अगो बाय, दात बघ!" गोदू म्हणाली. "आमच्या म्हशीला पन इतकं नाय."

"न् मधलं मधलं किडलंय," बाईजाने भर घातली.

जैतूने क्लॅरिनेट तोंडाला लावलं. पहिल्या सुरालाच धाकलू मागून म्हणाला, "सनईला पडसं झालंय रे!" म्हातारा देवजी डुलकीतून जागा झाला. "लगीन लागलं का? पंगत कवा?" हशा पिकला. साहेबाला वाटलं, गाणं आवडलं. तोही हसला.

दुसऱ्या गाण्याला हसू आपोआप विरत गेलं. मडमेची बोटं हळू चालू लागली आणि जैतूचा सूर त्यांच्या मागून, लेकरू आईच्या मागे चालावं तसा. हौसाने पदर डोळ्यांना लावला.

"काय झालं गो?"

"काय की. आय आठवली."

मग जैतू थांबला. नुसती पेटी उरली, तीही अगदी हलकी. माणसं श्वास धरून बसली.

आणि करंजाखाली कुणीतरी खोकलं. छातीच्या तळातून आलेली ढास, थांबता थांबेना. हजारांत ओळखली असती काशीने ती ढास.

सगळ्या माना वळल्या. गोदू वळली, बाईजा वळली, देवजीही खांबाची टेकण सोडून वळला. डोक्यावरून घोंगडी घेतलेला एक गाडीवान दिसत होता, एवढंच. "गप रं म्हाताऱ्या!" धाकलू ओरडला.

काशीने नजर मडमेच्या बोटांवर रोवून ठेवली. पापणी लवू दिली नाही. ओळख दाखवायची नाय, मेले तरी नाय.

तेवढ्यात जैतूने, त्याची पाळी नसताना, क्लॅरिनेट असं काही किंचाळवलं की मडमेची बोटं अडखळली. हीच खूण! फौजदार शेजारच्या शिपायाच्या कानाशी वाकला.

बाजा संपला. टाळ्या वाजवायच्या असतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. आरती झाल्यागत काहींनी हात जोडले. तोवर शिपायांनी कान्ह्याला ओढत ओट्यापाशी आणलं. घोंगडी कुठेतरी गळली होती, पण मुठीतलं गाठोडं त्याने सोडलं नव्हतं.

काशी ओट्यावर चढली आणि जैतूच्या तोंडावर थुंकली.

"खा आता खाचर! भावाला इकून खा!"

"वयनी, ऐक तरी..."

ऐकतो कोण? धाकलूने क्लॅरिनेट हिसकून पायरीवर आपटलं. त्याचे दोन तुकडे झाले. "याच्या घरचं पानी आजपास्नं बंद," गोदू म्हणाली, आणि बायकांनी माना डोलावल्या.

"अरे, त्याच्यावर कशाला तुटून पडता?" फौजदार मजेत म्हणाला. "ढास झाकायला ऐन वेळी बोंबलला बिचारा. म्हणून तर त्यालाही नेतोय." शिपायाने एकाच बेडीत दोघा भावांचे हात अडकवले.

काशी बेडीकडे बघत राहिली. जैतू तिच्याकडे बघत नव्हता.

"मग सांगितलं कोनी?" तिने विचारलं.

"कुणीच नाही. मी काय बाजा ऐकायला बसलो होतो? मी तुमची तोंडं बघत होतो," फौजदार म्हणाला. "तो खोकला तेव्हा अख्खा गाव मागे वळला, बाई. तू एकटीच वळली नाहीस."