आ करून ऐकलेली गाणी

दातांच्या डॉक्टरांना भलतीच हौस. ओळखीची गाणी नवख्या गायकांनी उलट्या तऱ्हेनं गायलेली असली की ती जमवायची. अंगाई ढोलावर, वरातीचं गाणं रडव्या सुरात. घरी कुणी ऐकेना, म्हणून ते ती दवाखान्यात लावत.

"आ केलेला माणूस 'बंद करा' म्हणेल तरी कसा?" बायको टोमणा मारायची. डॉक्टरांनाही मनातून तीच धाकधूक होती.

आज एका म्हाताऱ्या पेशंटचा शेवटचा दात निघाला.

"सुटलात, आजोबा."

तोंडात कापसाचा बोळा होता, म्हणून आजोबांनी कागद मागून लिहिलं, 'दात संपले. आता गाणी ऐकायला कुठलं निमित्त काढून येऊ?'

डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "कवळी बसवू. पण ती दर शनिवारी तपासावी लागते हं."