फुंका

सोनोग्राफीत शहादेवच्या लिव्हरवर चरबी निघाली, तेव्हापासून मुक्ताबाई पंचशील पाळणाऱ्या नवऱ्याला रोज संध्याकाळी उंबऱ्यातच अडवायची.

"फुंका."

तो मुकाट्यानं फुंकायचा. दारूचा वास कधीच आला नाही, पण तिचा शक काही जाईना.

"आजकाल बडीशेप लई खायलात तुमी."

शेवटी बीडच्या डॉक्टरांनी त्याला एका पिशवीत फुंकायला लावलं. रिपोर्ट बघून ते म्हणाले, "पोटात जंतू आहेत. लिव्हरच्या चरबीशी त्यांचाही संबंध असू शकतो. चरबी व्हायला दारूच प्यावी लागते असं नाही."

मग त्यांनी दुसरी पिशवी मुक्ताबाईपुढे धरली. "हे जंतू घरातल्या घरात पसरतात. तुम्हीही फुंका."

मुक्ताबाई ताडकन उठली.

"कावून? माज्यावर शक हाय का तुमचा?"