पद्मरेखेचा नारळ

दुपारी चार वाजता कुंभकोणमच्या विठोबाच्या मठात पद्मरेखा मरणार होती, आणि विशालाक्षीबाईंना सकाळपासून कॉफी गोड लागत नव्हती.

कथा सांगणार होती श्रीविद्या, त्यांच्या दिराची नात. पोथी घरचीच, तंजावरी मराठीतली. पूर्वी विशालाक्षीबाईंचे सासरे दर श्रावणात ती मठात सांगत. पद्मरेखा राजाची राणी. राजा बारा वर्षं लढाईवर. परतला तेव्हा प्रधानाने त्याचे कान भरले. राणीला एका शब्दाने न विचारता राजाने महालाचं दार लावून घेतलं. शेवटच्या पानावर ती हातात दिवा घेऊन कावेरीच्या सात पायऱ्या उतरते. सातवीच्या पुढे पाणी.

पण मठाची एक रीत होती. ऐकायला गर्भार बाई बसली असेल तर हा शेवट सांगायचा नाही. तिने उठून पोथीपुढे नारळ ठेवायचा, की सांगणाऱ्याने पोथी बांधून आरतीला उभं राहायचं. आणि बायका कसल्या वस्ताद! दर वर्षी कुणी ना कुणी नारळ ठेवीच. खरी गर्भार नसली तर एखाद्या नव्या सुनेला पुढे ढकलायच्या. सासरे सगळं जाणून होते. मिशीतल्या मिशीत हसत आणि पोथी बांधत. मग बायका डोळे टिपून प्रसादाच्या सुंडलावर, हरभऱ्याच्या उसळीवर, तुटून पडत.

नवी सून म्हणून विशालाक्षीबाईंनी सलग पाच वर्षं नारळ ठेवला होता. तिरुभुवनमचं जांभळं रेशमी लुगडं नेसून, मान खाली घालून, एक हात पोटाशी धरून. सहाव्या वर्षी त्या उठल्या नाहीत. मूल व्हावं म्हणून तिरुक्करुगावूरच्या देवीचं तूप खाऊन खाऊन जीभ विटली होती, आणि आदल्याच दिवशी विहिरीवर कुणीतरी बोललं होतं, “खोटा नारळ ठेवील तिची कूस कशी भरेल?” त्या वर्षी पद्मरेखा सातही पायऱ्या उतरली. सासऱ्यांचाही आवाज फाटला होता. पुढे दुसऱ्या सुना आल्या, त्यांनी नारळ ठेवले. विशालाक्षीबाईंना मूल झालं नाहीच. ते दुःख आता निवलं होतं. पण आपण हात आखडला आणि एक बाई बुडाली, हे मात्र अजून सलत होतं.

“श्रीविद्ये, शेवट सांगूं नको हो,” सकाळी त्या नातीच्या वेणीत मोगरा माळताना म्हणाल्या होत्या.

“पाटी,” श्रीविद्या आजीला तमिळ रीतीने पाटीच म्हणे, “पूर्ण कथा रेकॉर्ड करणार आहेत. मठाचे कृष्णराव बोलिले, एक पान सोडायचें नाही.”

“पावम, बिचारीला मरूं दे म्हणतेस?”

“मज काय आवडतें ते? पण कोणी थांबविल्याविना सांगणाऱ्याने थांबायचें नाही, हें तूंच शिकविलेंस. आणि नारळ ठेवायला आहे कोण? सुना सगळ्या चेन्नईंत, बंगळुरांत.”

खरंच होतं. मठात चौदा बायका जमल्या होत्या. त्यांतली सगळ्यांत लहान लावण्या, तिला बावन्नावं लागलेलं. मठाचा कारभार पाहणाऱ्या कृष्णरावांनी मोबाइल तिकाटण्यावर बसवला आणि सगळ्यांना खोकायचं ते आधीच खोकून घ्यायला सांगितलं.

श्रीविद्या सांगू लागली आणि विशालाक्षीबाईंना भरून आलं. शब्द ओढण्याची सासऱ्यांचीच लकब, तोच दम. तोच खांब पाठीशी, तोच कापराचा वास. पेटीच्या तळातून काढलेलं जांभळं लुगडंही तेच, फक्त काठ घडीवर विरलेला. या खांबाला टेकून बसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरी, त्यांची कुजबुज, एकमेकींना मारलेली कोपरं, सगळ्या कुठे गेल्या?

“पद्मरेखा पहिली पायरी उतरली,” श्रीविद्या म्हणाली.

विशालाक्षीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. पांढरे अंबाडे, दुखरे गुडघे. कुणीच हललं नाही.

दुसरी. तिसरी. कुणीतरी नाक ओढलं.

चौथी.

देवाला वाहायला आणलेला नारळ पिशवीत होता.

“पद्मरेखा पाचवी पायरी उतरली. दिवा तिने पदराआड धरिला...”

विशालाक्षीबाई खांब धरून उठल्या. गुडघा कटकन वाजला. कृष्णराव हातवारे करू लागले, “बसा, बसा, रेकॉर्डिंग चालू आहे!” त्या बसल्या नाहीत. चौदा पावलं असतील, पण पोचायला वेळ लागला. एक हात पोटाशी धरून त्या वाकल्या आणि पोथीपुढे नारळ ठेवला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“हें काय, विशालाक्षीबाई?” कृष्णराव म्हणाले. “शहात्तराव्या वर्षीं?”

“हा आजचा नव्हे,” त्या म्हणाल्या. “लग्नाच्या सहाव्या वर्षीं ठेवायचा होता. तेव्हां भ्यालें.”

कुणी हसलं नाही. लावण्याने पदर तोंडाशी नेला. श्रीविद्याने नारळाकडे पाहिलं, मग आजीकडे, मग मोबाइलकडे. मिशी नव्हती एवढंच. बाकी हसू अगदी सासऱ्यांचं. तिने पोथी मिटली, लाल फडक्यात बांधली आणि उभी राहिली.

“आरती,” ती म्हणाली.

“अहो पण शेवट?” कृष्णराव विचारत होते, पण टाळ सुरू झाले होते.

विशालाक्षीबाईंनी डोळे मिटून हात जोडले. पाचव्या पायरीवर राणी उभी होती, हातात दिवा घेऊन. पाणी अजून दोन पायऱ्या खाली होतं.