फोल्डर काढलो की

“तुमचं फोल्डर सकाळीच काढलो की ताई,” फोनवर सिद्धलिंग म्हणाला. “या हिकडं. साहेब बोलवायलेत, ठेवतो.” आणि त्यानं ठेवलासुद्धा.

विभागाच्या पायरीवर अपेक्षा मटकन बसली. सकाळी घरच्या लॅपटॉपवरून तिनं विद्यापीठाचं सामायिक स्टोरेज उघडलं, तेव्हा तिचं फोल्डर दिसलं नव्हतं. लॅपटॉपच दगा देतोय म्हणून ती विभागात आली, तिथल्या कॉम्प्युटरवरून जोडून बघितलं. नाही. तिच्या गाईड घाडगे मॅडमच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून बघितलं. तिथंही नाही. बाकी सगळ्यांची फोल्डरं जागच्या जागी, हिचंच तेवढं गायब. मग तिनं संगणक केंद्रात फोन लावला, तर हे ऐकायला मिळालं.

दुपारी तिचं पीएचडीचं शेवटचं सादरीकरण होतं. बाहेरगावचे परीक्षक येऊन बसणार, आणि त्यांना दाखवणार काय, कपाळ? यंत्रमागाच्या आवाजानं कामगारांचे कान कसे जातात, हा तिचा विषय. शेडमागून शेड पालथी घालून, एकेकाला खुर्चीत बसवून, डोक्यावर हेडफोन चढवून केलेल्या सगळ्या तपासण्या त्या फोल्डरमध्ये होत्या. पुन्हा करायच्या म्हटल्या तर निम्म्या शेड आता बंद. माणसं कुणी भिवंडीला, कुणी गावाकडं, दोघंतिघं तर देवाघरी. दुसरी प्रत? होती की! हार्डडिस्कमध्ये होती. ती दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून पडली आणि मेली. तेव्हापासून बाईंनी सगळा भरवसा विद्यापीठावर टाकलेला. मोठी शहाणी!

पार्किंगमध्ये तिचे वडील धोंडीराम स्कूटीवर बसून होते. लेकीचा मोठा दिवस म्हणून आज इस्त्रीचा सदरा घालून स्वतः सोडायला आलेले. त्यांचा सगळा जन्म मागावर गेला. डावा कान पार गेलेला, उजवा नावाला उरलेला. लेकीनं तपासलेला पहिला कान त्यांचाच.

“आबा, संगणक केंद्राकडं चला. लवकर!” तिनं हातवारे करून सांगितलं.

वाटभर ती मागं बसून बोलत होती. “सगळं गेलं, आबा. एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली. आता कुठल्या तोंडानं उभी राहू मी?” आबा समोर बघून गाडी चालवत होते. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते आपले अधूनमधून “व्हय, व्हय” म्हणत होते. तिला आणखीच रडू फुटलं.

सिद्धलिंग अक्कलकोटकडचा. केंद्रात नुकताच ऑपरेटर म्हणून लागला होता. तिला बघताच त्यानं हसून खुर्ची पुढं केली. तिचं डोकंच फिरलं.

“कुणाला विचारून काढलंत तुम्ही?”

“कुणाला म्हंजे? तुमीच आलताव की परवा. जागा पुरंना, काय तरी करा म्हणून.”

हे मात्र खरं होतं. ती आली होती आणि अगदी असंच म्हणाली होती. म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

“अहो, पण काढा असं कुठं म्हणाले मी?”

“काढल्याबिगर जागा कशी हुतंय ताई?” सिद्धलिंग बिचारा गोंधळून गेला. तिनं तोंड ओढणीत घातलं.

“काय म्हंतोय त्यो?” मागून आबा आले. लेक रडतेय एवढं त्यांना दिसत होतं. मागाच्या खडखडाटात कानांचा काही उपयोग नसतो. तिथं सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघून बोलतात, आणि आबांची ती सवय घरी बसल्यावरही गेलेली नव्हती. त्यांनी सिद्धलिंगला खांद्याला धरून आपल्याकडं वळवलं. “हां, आता बोल. काय काढलंस?”

“फोल्डर हो, काका. ताईंच्या नावानं. आदी डिपार्टमेंटच्या फोल्डरात एका कोपऱ्यात हुतं. आता सोताचं काढलो. जागा बी डबल. ताईंचं समदं सामान तितं नेऊन ठेवलो. जुन्या जागेत हुडकलं तर कसं दिसंल?”

आबांनी एकेक शब्द त्याच्या ओठांवरून टिपला आणि खो खो हसत सुटले.

“अगं ए येडे! ब्यांकेत खातं काढत्यात, तसं काढलंय त्यानं. पेढं वाटायचं सोडून रडतीस काय?”

तिनं ओढणीतून तोंड वर काढलं. “म्हणजे... काढून टाकलं नाही?”

“टाकलो असं कवा म्हणलो मी?” म्हणत सिद्धलिंगनं स्क्रीन तिच्याकडं फिरवली.

तिचं नाव. आत सगळ्या शेड, सगळी माणसं, सगळे कान. दुपारच्या स्लाइडसुद्धा. सगळ्यात वर आबांची फाईल. अपेक्षाचा जीव भांड्यात पडला. तरी तिनं शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडायला लावलं. उघडलं. मग पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, त्यावरही उघडलं. “कुठनंबी उघडतंय हो,” सिद्धलिंग म्हणाला, तरी तिनं पुन्हा एकदा बंद करून उघडलं. मग त्याचे दोन्ही हात धरून ती इतक्यांदा थँक्यू म्हणाली की तो लाजून चहा सांगायला पळाला.

चहा पिऊन दोघं बाहेर आली. ती आता एकटीच हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. आबांनी स्कूटीला चावी लावली आणि मागं वळून तिच्या तोंडाकडं बघितलं.

“माझं कान मागानं गेलं,” ते म्हणाले. “तुझं गं कशानं गेलं?”