अठ्ठाविसावी सही

धावड्याकडच्या त्या शाळेत पालकसभेला चार-पाच जणांच्या वर कोणी फिरकत नसे. यंदा मात्र चौथीच्या श्रद्धा मॅडमनी चंगच बांधला. ऐन कापूस वेचणीत आठवडाभर, शाळा सुटली की त्या घरोघरी अन् बांधाबांधानं हिंडल्या. शनिवारी आया पदराला कापूस चिकटलेला तशाच हजर झाल्या. मॅडमच्या संध्याकाळच्या साक्षरता वर्गात अक्षरं गिरवलेल्या तुळजाबाईनं तर नातवासाठी अंगठा लावायचं सोडून, ओठ मुडपून चक्क सही ठोकली.

सभा संपून आया पांगल्यावर मॅडमनी खुशीत सह्या मोजल्या. पोरं अठ्ठावीस, सह्या सत्तावीस!

"कोणाची आई न्हाई आली?" मॅडम वर्गावर कडाडल्या. "एवढ्यांदा सांगून बी येत न्हाई म्हणजे काय? आत्ताच्या आत्ता तिच्या घरी जाऊन बराबर समजावते तिला!"

मागच्या बाकावरून चिन्मयी हळूच उठली.



"माझी, मॅडम. पण घरी जाऊन काय उपयोग न्हाई. ती घरी कधी सापडतच न्हाई, आत्ता बी हितंच ओरडून राह्यली."